आमेनच्या आधी

९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

सलाम. मी जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण गेल्या खेपेला ते चौथ्या पानावर लिहिलं म्हणून तू रागावली होतीस.

काम मिळालंय. एका चर्चचं छत रंगवायचंय. छत पत्र्याचं, रंग लाल. म्हणजे मंडळीने लाल सांगितलाय, पण दुकानदाराने दिलाय तो विटकरी. झाकण उघडून बघितलं तेव्हाच मला शंका आली होती. असो, रंगाचं नंतर.

मुद्दा असा की इथले सगळे लोक प्रार्थनेत आहेत. म्हणजे आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा. तू वाचशील तेव्हाही असतील.

बसमधून उतरलो आणि शीळ घालत निघालो, तर रस्त्यात दोघांनी टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी शीळ गिळलीच. न्हाव्याच्या दुकानात गेलो. हा न्हावी म्हणजे इथल्या मंडळीचा एक वडील, चर्चचा कारभार बघणाऱ्यांतला. काम त्यानेच दिलंय. विचारलं, “काका, सुरुवात कुठून करू?” तो छताकडे बघून म्हणाला, “हे प्रभो, या तरुणाला सांग की प्रार्थना चालू असताना माणसांशी थेट बोलायचं नसतं.”

मी म्हटलं, “कुठली प्रार्थना?”

“हे प्रभो, याला क्षमा कर. हा बाहेरगावचा आहे.”

मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने, तोंडाला फेस तसाच ठेवून, सगळी हकिगत प्रभूला सांगितली आणि मी ती बाजूला उभा राहून ऐकली. झालंय असं. जुलैतल्या एका रविवारी इथले पाळकसाहेब प्रार्थना करत होते. “आणि हे प्रभो, आमच्यातल्या त्या एकाला...” इथवर आले आणि थांबले. लोकांना वाटलं ठसका लागला असेल. साहेब खाली उतरले, चपला घातल्या आणि घरी गेले. तेव्हापासून अवाक्षर नाही. डॉक्टरने घसा तपासला, घसा ठणठणीत. जेवतात, झाडांना पाणी घालतात, बोलत मात्र नाहीत.

आता या मंडळीची रीत अशी की आमेन झाल्याशिवाय प्रार्थना संपत नाही, आणि आमेन पुढाऱ्यानेच म्हणायचं. साहेब म्हणत नाहीत. दुसरा कोणी म्हणाला तर तो पुढारी ठरणार. म्हणून सगळे तसेच डोळे मिटून बसून राहिले. पोरं भुकेने रडायला लागली तेव्हा वडील मंडळींनी ठरवलं की प्रार्थनेतल्या प्रार्थनेत घरी जायला हरकत नाही. डोळे किलकिले ठेवायची सूट आहे. न्हाव्याला थोडी जास्त, कारण सुरुवातीच्या आठवड्यात एकाची भुवई गेली.

इथे शिव्या नाहीत, भांडण नाही, कोणी खोटं बोलत नाही. एक कुत्रं आहे ते भुंकतं, पण त्याला सगळे रागाने बघतात. त्या कुत्र्याचं एक वेगळंच आहे, ते नंतर.

तुझा
भिंगरी


१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीवरचं दूध विसरले. उतू गेलं. जाऊ दे.

अरे, तुला कळतंय का तू कुठे जाऊन पडलायस? सदोदित प्रार्थना करा, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि जेवणापुरती करतो. आणि तिथे एक अख्खी मंडळी दिवसरात्र प्रभूशी बोलत जगते आहे! मी तुझं पत्र मंडळीच्या सभेत वाचून दाखवलं. सगळं नाही, न्हावी आणि भुवई गाळली. सगळ्यांचे डोळे भरून आले. आमच्याकडचे एक वडील, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजीसुद्धा, जे दर सभेत माझ्या प्रत्येक वाक्यावर घसा खाकरतात, ते गप्प झाले. आता लोक म्हणतायत, बस ठरवून तिकडे जाऊ, बघून येऊ.

तुला वाटत असेल, मावशी एवढी का हुरळली. तू या घरातून कसा गेलास ते आठवतं ना? जेवणाआधीची प्रार्थना चालू होती. माझी जरा लांबते, कबूल. डोळे उघडले तर समोर खुर्ची रिकामी आणि ताटात उकडलेलं अंडं. आमेनच्या आधी उठलास. अंडं तरी न्यायचंस. तुझी आई गेल्यापासून तुला याच टेबलावर वाढवला, आणि तुझी बॅग कायम भरलेली, पलंगाखाली. तो मुलगा आता असल्या पवित्र ठिकाणी छत रंगवतोय, म्हणजे माझी विनंती कुठेतरी पोचली.

तर सविस्तर लिही. ते कसे बोलतात, कसे वागतात, वडील मंडळी कशी आहेत. मला इथे सांगायला लागेल.

तुझी
मावशी

ता. क. विटकरी रंग वाईट नसतो. मळ दिसत नाही.


२४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

सलाम. बस ठरवू नका. आधी हे वाच.

भांडण नाही असं मी लिहिलं होतं, ते पहिल्या दिवसाचं. भांडण आहे. फक्त ते प्रार्थनेत होतं.

न्हाव्याची शिडी शिंप्याकडे आहे. शिंपी हा दुसरा वडील. शिडी गेल्या उन्हाळ्यात नेली, अजून दिली नाही. मला छतावर चढायला ती शिडी लागते, म्हणून मी दोघांच्या मधे सापडलो. काल चर्चच्या दारात शिंपी डोळे मिटून म्हणाला, “हे प्रभो, तू जाणतोस की शिडी आणली तेव्हाच तिची एक पायरी मोडकी होती.”

न्हावी हात जोडून म्हणाला, “हे प्रभो, तुझ्या या सेवकाची जीभ तू सांभाळ, नाहीतर मी सांभाळतो.”

“हे प्रभो, याच्या वस्तऱ्यापासून भुवया वाचव.”

“हे प्रभो, याने शिवलेल्या विजारी घालून लोकांना गुडघे टेकता येत नाहीत, हेही तुझ्या कानावर असू दे.”

असं पाऊण तास. दोघांच्या गालांवरून पाणी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती! शिंप्याने रंगापुरती आणलेल्या त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मी उभा होतो. मोडकी चौथी आहे, हे मला कोणी, प्रभूलासुद्धा, सांगितलं नव्हतं. लागलं नाही फार. ब्रशवर पडलो.

खोटं बोलत नाहीत, हे मात्र खरं. आणि त्यानेच घोळ झालाय. मासेवाली दिवसभर टोपलीशी बसून म्हणते, “हे प्रभो, हे परवाचे आहेत.” कोण घेणार? तिच्या घरी सगळे परवाचे मासे खाऊन वैतागलेत. एका नवऱ्याला बायकोने विचारलं (म्हणजे प्रभूला विचारलं) की सूप कसं झालंय. तो तेव्हापासून बहिणीकडे राहतो. लोक बोलायलाच घाबरतात, आणि तरी बोलायचं थांबत नाहीत. दिवसभर सगळ्या गल्लीत नुसतं हे प्रभो, हे प्रभो. बटाटे हवे असले तरी हे प्रभो.

खरं दुखणं आमेनचं आहे. पुढारी व्हायचं न्हाव्यालाही आहे आणि शिंप्यालाही, पण हावरा म्हणवून कोणाला घ्यायचंय? म्हणून दोघं एकमेकांच्या तोंडावर नजर ठेवून असतात. रविवारी न्हाव्याला जांभई आली. नुसता ‘आ’ निघाला, तर शिंप्याने झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

पाळकीणबाई, म्हणजे साहेबांची बायको, एकट्याच काय त्या शांत. मला चहा देतात आणि काही बोलत नाहीत. साहेब ओट्यावर बसून असतात. मी त्यांना त्या कुत्र्याची सगळी गोष्ट सांगितली, ते झोपेत चालतं ती. ऐकली. मान हलवली नाही.

तर मावशी, इथे बघण्यासारखं काही नाही. आणि तुला एवढा तपशील कशाला हवाय? तू आधी कधी रंगाच्या कामात इतका रस घेतला नव्हतास.

तुझा
भिंगरी


१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वाचलं. बटाट्यांच्या टोपलीखाली ठेवलं. कोणाला दाखवलं नाही.

कशाला हवाय म्हणून विचारतोस, तर ऐक. आमच्याकडे वडिलांची एक जागा रिकामी झाली आहे. लोकांनी माझं नाव सुचवलंय. बाईचं नाव पहिल्यांदाच. मला ते हवं आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना सांगते, प्रभूची इच्छा. पण हवं आहे. आजाऱ्यांकडे मी जाते, मयताला मी बसते, रुसलेल्या सुना मी समजावते, आणि ठरवायला बसतात ते घड्याळजी.

आणि घड्याळजींनी उभं राहून काय म्हणावं? वडील कसा असावा, तर आपलं घर नीट चालवणारा. “ताईंच्या घरात एकच मूल होतं. तेही टेबलावरून उठून गेलं. जिला एक भाचा टिकवता आला नाही, ती मंडळी काय टिकवणार?” भर सभेत. बायबलात तसं लिहिलेलंच आहे, आणि माझ्या घरी तसं झालेलंही आहे.

तेवढ्यात तुझं तिथलं पहिलं पत्र आलं. मी ते वाचलं आणि सगळं वारं फिरलं. भाचा पळून गेला नव्हता, प्रभूने त्याला तिकडे पाठवला होता, असं लोक म्हणू लागले. मी नाही म्हटलं नाही. आता तुझं दुसरं पत्र टोपलीखाली आहे, आणि बटाटे काढायला गेले की ते माझ्याकडे बघतं. निवड पुढच्या पंधरवड्यात आहे. गप्प बसले तर निवडून येईन. रोज रात्री प्रार्थनेला बसते आणि त्या विषयापाशी आले की घाईने आमेन म्हणते.

तुझ्यावर रागावून लिहीत नाही. ब्रशवर पडलास तिथे हळद लाव.

तुझी
मावशी


१० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सलाम. हे पत्र मी नीट, क्रमाने लिहिणार आहे. मधे कुत्रं आलं तर तिथेच हाकलीन.

तुझं पत्र शनिवारी आलं. ते खिशात घालून मी पाळकसाहेबांच्या ओट्यावर गेलो आणि बडबडत बसलो. लालबद्दल, विटकरीबद्दल, बसच्या वेळांबद्दल. तुझ्याबद्दल नाही. ते घशाशी आलं की मी पुन्हा रंगावर जायचो. अर्ध्या तासाने साहेब म्हणाले, “जरा गप्प बस ना.”

मावशी, माझ्या हातातला कप पडला. पाळकीणबाई आतून धावत आल्या आणि दाराशीच थबकल्या.

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही बोलता?”

“बोलतो. बोलायचा कंटाळा आला होता,” ते म्हणाले. “इतकी वर्षं दर रविवारी मीच बोलतोय. हे दे, ते दे, याला बरं कर, त्याला सुधार. त्या दिवशी म्हणत होतो, आमच्यातल्या त्या एकाला... आणि कळेना, कोणाला? म्हटलं, आपण जरा थांबावं. पलीकडून काही येतंय का ऐकावं.”

“मग आलं काही?”

त्यांनी गल्लीकडे बोट केलं. तिथून हे प्रभो, हे प्रभो चाललं होतं. “ऐकू येऊ देतील तर ना! मी गप्प झालो आणि सगळं गाव बोलायला लागलं.”

“तुम्ही त्यांना सांगत का नाही?”

“सांगितलं तर तो आणखी एक उपदेश झाला. पाळकाने एकदा तरी गप्प राहून दाखवावं.” असं म्हणून ते परत गप्प झाले, आणि पाळकीणबाईंनी मला दुसरा कप दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला शेवटची बाजू उरकायची होती म्हणून शिडी लावून वर चढलो, चौथी पायरी गाळून. खाली मंडळी भरली होती, साहेबही येऊन मागे बसले होते. पत्र्यात झरोका आहे, वाकलं की सगळं दिसतं, ऐकू तर येतंच. ठरलं असं की पुढारी कोणाला व्हायचंय ते ज्याने त्याने प्रभूला सांगावं आणि मग आमेनचा निकाल लावावा.

शिंपी उठला. “हे प्रभो, तुझ्या लेकरांची सेवा करावी म्हणून...” आणि अडला. प्रार्थनेत खोटं कसं बोलणार? परत सुरू केलं. “हे प्रभो, पुढच्या खुर्चीला गादी आहे. माझी पाठ दुखते.” बसला. परत उठला. “आणि न्हाव्यापेक्षा वर बसायला मिळेल.”

मग न्हावी. “हे प्रभो, मला पद नको आहे.” सगळे चकित. “शिंप्याला मिळू नये, एवढंच हवं आहे.”

त्यानंतर कोणीच उठेना. मागायचं सगळं मागून झालं होतं, आणि जे उरलं होतं ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. हे प्रभो थांबलं. पहिल्यांदाच. इतकं शांत झालं की मला वाटलं, सगळे घरी गेले.

म्हणून मी मोठ्याने बोललो. गावात राहून सवय लागलीय. झरोक्याशेजारी पाय लांब करून, तुझं पत्र हातात घेऊन म्हटलं, “हे प्रभो, माझी मावशी चांगली बाई आहे. तिचं घर नीट आहे, त्यातला मी तेवढा नीट नाही. तिथे एक रिकामी खुर्ची आहे ती माझी आहे. मला घरी जायचंय. बस ठाऊक आहे, तिकिटाचंही होईल. पण दारातून आत जाताना काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी छतं रंगवत फिरतो. बाकी तू बघ. आणि हा रंग लाल नाही, हे माझ्या गळ्यात घालू नकोस.”

खालून आवाज आला. सावकाश, जुलैपासून अडलेलं वाक्य उचलून पुढे नेल्यासारखा. “आमच्यातल्या त्या एकाला घरी पोचव. आमेन.”

मी पत्र्यावरून घसरलो तो पन्हाळ धरून राहिलो.

पुढचं काय सांगू! लोक बाकांवरून उठायच्या आत मासेवाली ओरडली, “ताजे! आत्ताचे! फडफडतायत!” आणि लोकांनी आनंदाने घेतले. शिंपी आणि न्हावी एकमेकांना तोंडावर, नाव घेऊन, मोकळ्या मनाने बोलू लागले. बोलता बोलता न्हाव्याने आपली शिडी खांद्यावर टाकली आणि घरी नेली. मी वरच.

शेवटी साहेबांनी आतून टेबल आणलं, त्यावर खुर्ची ठेवली, मला उतरवलं. म्हणाले, “मी उत्तराची वाट बघत होतो. वरून येईल असं वाटत होतं. रंगाच्या डब्यासकट येईल असं वाटलं नव्हतं.”

मी म्हटलं, “साहेब, ते उत्तर नव्हतं. ती माझी विनंती होती.”

“तेच तर,” ते म्हणाले. एवढंच. मला अजून नीट कळलेलं नाही.

ती पुढच्या खुर्चीची गादी मात्र त्यांनी काढली आणि शिंप्याच्या पाठीला दिली. खुर्ची आता नुसती लाकडी आहे. तिच्यावर बसायची घाई कोणालाच दिसत नाही.

तुझ्या त्या बटाट्यांखालच्या पत्राचं काय करायचं ते मी सांगणारा कोण? पण घाईचं आमेन म्हणू नकोस. आमेन झालं की परवाचे मासे आत्ताचे होतात, हे इथे बघितलंय.

तुझा
भिंगरी

ता. क. कुत्रं आलं होतं. हाकललं.


१६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते.

काल रात्री जेवणाआधी डोळे मिटले आणि काही मागितलं नाही. नुसती बसले. अंडं गार झालं. काहीही ऐकू आलं नाही, पण बटाट्यांची टोपली डोळ्यांसमोरून हलेना.

रविवारी निवड आहे. त्याआधी तुझं दुसरं पत्र सगळ्यांसमोर वाचणार आहे, शिडी, मासे, जांभई, सगळं. मग सांगणार की पहिलं वाचलं तेव्हा मी न्हावी आणि भुवई गाळली आणि दुसरं तर लपवलंच, ते मला पद हवं होतं म्हणून. घड्याळजी विचारतील, आता भाचा कुठे आहे? मी सांगेन, छतावर. हसले तर हसू देत.

तू ये किंवा येऊ नकोस. येताना काय बोलायचं ते सुचत नसेल तर बोलू नकोस. दार तसंही कधी लावलेलं नसतं, कडी गंजली आहे.

तुझी
मावशी


रविवार, तुझ्या स्वयंपाकघरातून

मावशी,

सलाम. हे तू वाचशील तेव्हा मी समोरच असेन, तरी लिहितो. सवय लागलीय.

सकाळच्या बसने आलो. आधी चर्चवरूनच आलो. खिडकी उघडी होती. तू उभी होतीस आणि माझं पत्र वाचत होतीस. मासेवालीपाशी पोचलीस तेव्हा सगळे हसत होते. घड्याळजीही हसत होते, आवाज न करता, खांद्याने. मग तू ते गाळल्याचं, लपवल्याचं सांगितलंस आणि कोणी हसेना. घड्याळजी उठले. खाकरले. म्हणाले, “आणि भाचा? तो आत्ता कुठे आहे?”

तू छतावर म्हणणार होतीस. म्हणाली नाहीस. म्हणालीस, “मला माहीत नाही. पण त्याचं ताट मी रोज मांडते.”

मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं, पण छत कालच संपवलंय, तोंडावर सगळा विटकरी रंग. घरी धावत आलो, तोंड धुतलं. रंग गेला नाही. ताट बघितलं. अंडं खाल्लं. सॉरी, दोन्ही.

निवड झाली असेल, नसेल, तुझं नाव लागेल किंवा घड्याळजी दुसरं कोणी आणतील. मला ते कळेपर्यंत इथे थांबता येत नाही, म्हणून मी परत तुझ्या चर्चकडेच निघालोय, मागच्या बाकावर बसायला. तू शेवटची प्रार्थना करशील. लांबेल. लांबू दे.

बॅग पलंगाखाली नाही ठेवली. रिकामी केली आणि वर खुंटीला अडकवलीय, तुला आधी दिसावी म्हणून.

डोळे उघडून मागे बघशील. आमेन झाल्यावरही मी तिथेच बसलेला असेन.

भिंगरी